२९३ विरुद्ध ५४

१९१३ साली ४ डिसेंबरला जर्मन राइशस्टागने चॅन्सेलर बेथमान-होलवेग यांच्यावर अविश्वास नोंदवला. २९३ विरुद्ध ५४. तरीही बेथमान पुढे साडेतीन वर्षे त्याच खुर्चीवर होते.

निमित्त झाबर्नचे. अल्सासमधल्या या छावणीच्या गावात एका पोरसवदा लेफ्टनंटने रंगरुटांसमोर स्थानिकांना शिवी हासडली. बोभाटा झाला, लोक रस्त्यावर आले. मग लष्कराने मुलकी अधिकाऱ्यांना न जुमानता माणसे धरली आणि बराकीच्या तळघरात रात्रभर डांबली. त्यांत न्यायखात्यातलेही काही होते! चॅन्सेलर आणि युद्धमंत्री फाल्केनहाइन यांनी सभागृहात लष्कराचीच बाजू घेतली, तेव्हा कॅथलिकांचा सेंट्रम, उदारमतवादी आणि समाजवादी एरवीचे हाडवैर विसरून एकत्र आले.

या सभागृहाला जनाधार नव्हता असे कोण म्हणेल? पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांना १८७१पासून गुप्त मतदानाचा हक्क होता. तेव्हा जेमतेम निम्मे मतदार केंद्रावर गेले. १९१२मध्ये शंभरातले चौऱ्यांशी. मतदारसंघ मात्र जुनेच राहिले. बर्लिनलगतच्या एका मतदारसंघात तीन लाखांवर मतदार, तर शाउमबुर्ग-लिपेत दहा हजारांच्या आसपास, आणि खासदार दोन्हीकडे एकेकच. एवढे असूनही समाजवाद्यांनी ३९७पैकी ११० जागा जिंकल्या.

चॅन्सेलर नेमायचा आणि काढायचा अधिकार कैसरचा, म्हणून सभागृह हतबल होते, असे सांगितले जाते. आम्हाला ते अर्धेच पटते. तिजोरीची किल्ली खासदारांकडेच होती. त्यांच्या मंजुरीवाचून अर्थसंकल्प पुढे सरकत नव्हता. अविश्वासाच्या मतदानानंतर आठवड्याभरातच समाजवादी शाइडेमान यांनी चॅन्सेलरच्या राजीनाम्याची मागणी केली, तेव्हा सेंट्रम आणि उदारमतवाद्यांनी अंग काढून घेतले. त्यांना लष्कराच्या मुजोरीचा संताप होता, पण समाजवाद्यांची धास्ती त्याहून मोठी होती. जानेवारीत ती धरपकड करवणाऱ्या झाबर्नच्या कर्नलला लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडले.

चॅन्सेलरला सभागृहाचा विश्वास हवा, हे कलम राज्यघटनेत अखेर आले ते २८ ऑक्टोबर १९१८ला. त्याची निकड खासदारांआधी सेनानी लुडेनडॉर्फ यांना भासली होती: युद्ध हरल्यात जमा होते, आणि तहाची नामुष्की कुणाच्या तरी माथी मारायची होती.