गोळी बंद करण्याआधी

माझ्या भाचीला २४व्या वर्षी ल्युपस निघाला. गालांवर लाल चट्टा, सकाळी बोटं वळत नाहीत, कंगव्यात केसांचे पुंजके. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली होती, आणि घरात पहिला प्रश्न आला तो मुलाचा. तिची आत्या म्हणाली, "आता हिला मूल नकोच." आजी म्हणाली, "एक बाळंतपण झालं की बरी होईल बघ." दोघींचा जीव तिच्यात अडकलेला, पण दोघींचंही म्हणणं चूक.

‘नकोच’ला एके काळी आधार होता. मूत्रपिंडाला सूज असताना दिवस गेलेल्या बायकांचे हाल डॉक्टरांनी पाहिले होते. पण २०१५ साली अमेरिका-कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३८५ गर्भवतींचा ल्युपस शांत किंवा सौम्य ते मध्यम होता. ८१ टक्के जणींचं गरोदरपण मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडलं. उरलेल्यांची काळजी खरीच आहे. म्हणून तर आजार निदान सहा महिने शांत हवा, आणि तोवर गर्भनिरोधनाचं कुणीतरी तिच्याशी नीट बोलायला हवं. आजीच्या म्हणण्याला मात्र आधारच नाही. आजार भडकलेला असताना दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका.

ल्युपसमध्ये वारंवार गर्भपात झाला की ‘हिच्या पोटी टिकत नाही’ म्हणून बाईला बोल लावतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्येच दाखवलं की काहींच्या रक्तात गुठळ्या करणारी अँटिबॉडी असते. त्यावर कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. साधी रक्ततपासणी न करता तिला दोष देणं हा अन्याय आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘गरोदरपणात सगळ्या गोळ्या बंद’ हा सल्ला. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट आधीच थांबवावी लागतात, हे खरं. पण करोनात घराघरांत नाव पोचलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालूच ठेवायची असते. ती सोडली की आजार उसळण्याचा धोका वाढतो. पुढे भाचीच्या गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात एका दवाखान्यात तिच्या कागदावर नेमकी याच गोळीवर काट मारली गेली. तिने त्याच संध्याकाळी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन केला. "एक दिवसही चुकवू नकोस," ते म्हणाले.

तिच्या रक्तात ‘रो’ अँटिबॉडी आहे. या अँटिबॉडीमुळे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून १८व्या आठवड्यात ते मोजले: मिनिटाला १४८, म्हणजे ठीक. ती पडद्याकडे बघत होती, आणि फाइल छातीशी घट्ट धरलेली होती.