लेकराची साक्ष आणि थोरांची अब्रू

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पोटच्या लेकरावर कोणी अत्याचार केला तर आपण प्रथम काय करतो? घराण्याची अब्रू झाकतो. गुन्हा दुसऱ्याचा आणि कुलूप लेकराच्या तोंडाला! आम्ही शाळामास्तर, असे अबोल झालेले मूल आमच्या डोळ्यांसमोर बसते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सन २०१२ चा पोक्सो कायदा लेकराच्या बाजूचा आहे. जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्य तर स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा. पोलिसांच्या अंगावर गणवेश नसावा. मुलास रात्री ठाण्यात ठेवू नये. साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये. कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष व शक्यतो एका वर्षात निकाल व्हावा. पण खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. आठव्या वर्षी झालेली जखम बाराव्या वर्षी कोर्टात पुन्हा उकलावयाची, हा न्याय की दुसरा मार?

मग कोर्टाची पायरी चढूच नये काय? तसे नव्हे. पंचांच्या तडजोडीने हा गुन्हा मिटत नाही; उलट ठाऊक असून न कळविणाऱ्यासही शिक्षा आहे. १०९८ वर फुकट फोन करावा, बालकल्याण समितीकडे सोबतीस साहाय्यक मागावा आणि वरील प्रत्येक गोष्ट मेहरबानी नव्हे, हक्क म्हणून मागावी. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

आणि सर्वांआधी लेकरास जवळ घेऊन एवढे सांगावे: बाळा, यात तुझा काही दोष नाही.