आमच्या घरातला संप

"यंदा घरात संप बसवायचा म्हणतो," असे मी एका रविवारी पोहे खाताखाता जाहीर केले. सौभाग्यवतींनी झारा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिले.

"संप बसवतात का कुठे? संप पुकारतात! आणि या घरात पुकारायचाच झाला, तर तो मी पुकारायला हवा!"

मराठीच्या प्राध्यापकाची बायको असल्यावर क्रियापदाची चूक अशी पदरात पडायचीच. पण मी म्हणत होतो तो संप निराळा. माशांच्या काचेच्या टाकीखाली, कपाटात, दुसरी एक टाकी ठेवतात, तिला हौशी मंडळी संप म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी नळीने खाली उतरते, गाळले जाते आणि लहानसा पंप ते पुन्हा वर चढवतो. गाळण्या, पाणी तापवण्याची कांडी, सारा पसारा खाली. वर नुसते मासे आणि हिरवळ! १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय लहानपणी पाहिले, तेव्हापासून हे वेड माझ्या डोक्यात आहे. ते चाळिशीनंतर उफाळले, एवढेच.

टाकी आली, संप आला, पंप सुरू झाला. आणि घरात आवाज आला! मोरीत बादली ओतली की शेवटी जो घडघडाट होतो तो आठवा. तो चोवीस तास चालू! टाकी बैठकीत आणि वडिलांची खाटही बैठकीत. ते बिचारे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना फक्त म्हणाले, "रात्रभर कुणीतरी चूळ भरतंय असं वाटतं रे."

ऐंशी ओलांडलेल्या माणसाची झोप ती केवढी! तीही मी माझ्या हौसेपायी मोडली होती. तेव्हा मी एक शहाणपणा केला. खाली उतरणाऱ्या एकुलत्या एक नळीला तोटी बसवली आणि ती अर्धी बंद केली. घडघडाट थांबला. मी स्वतःवर खूश झालो.

ती खुशी आठवडाभर टिकली. एका पहाटे पाणवनस्पतीचे एक पान त्या नळीच्या तोंडात जाऊन बसले. पाण्याची खाली जायची वाट बुजली. पंप मात्र इमानेइतबारे पाणी वर चढवीत राहिला. टाकी काठोकाठ भरली आणि पाणी फरशीवर आले. फरशीवर माझा विजेचा बोर्ड होता. मी जागा झालो तो "बाबा, पाणी!" या हाकेने. आमची धाकटी अनवाणी, ओल्या फरशीच्या कडेला उभी होती आणि पुढचे पाऊल टाकण्याच्या बेतात होती. मी तिच्यावर आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. ती रडू लागली. मी मेन स्विच बंद केला आणि बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आमचे प्लंबर आले. सारे पाहून म्हणाले, "सर, आवाज पाण्याचा नसतो, पाण्यात घुसलेल्या हवेचा असतो. अन् पाण्याला एकच वाट ठेवून तिचाच गळा दाबलात!"

एम.ए.ला असले काही शिकवीत नाहीत! मग मी या विषयाचा नीट अभ्यास केला. त्याचे सार असे :

नळी काठोकाठ पाण्याने भरली, आत हवा उरली नाही, की पाणी मुकाट्याने उतरते. म्हणून नळ्या तीन घ्यायच्या. जगभरचे हौशी लोक या पद्धतीला 'बीनॲनिमल' असे चमत्कारिक नाव देतात. पहिलीचे तोंड पाण्याखाली बुडालेले. तिला गेट व्हॉल्व्ह. तो हळूहळू फिरवून असा जमवायचा की नळी सदैव भरलेली राहील. साध्या तोटीने हे बारीक जमवणे जमत नाही. दुसरीला व्हॉल्व्ह नाही. पहिलीला न पेललेली थोडीशी धार तिच्या कडेकडेने निमूट उतरते. तिच्या डोक्यावर हवेसाठी एक बारीक नळी असते आणि तिचे टोक नेहमीच्या पाण्याच्या जरा वर ठेवतात. पहिली तुंबली की पाणी चढते, ते टोक बुडते, हवा बंद होते आणि दुसरी नळी पूर्ण भरून वाहू लागते. तिसरीचे तोंड आणखी वर, पण टाकीच्या काठाच्या खाली. ती एरवी कोरडीच. तिला व्हॉल्व्ह नाही की जाळी नाही. पहिल्या दोघींची खालची टोके संपातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवायची. फार बुडवली तर आतली हवा बाहेर पडत नाही. तिसरीचे टोक मात्र पाण्याच्या वरच ठेवायचे. म्हणजे तिच्यातून पाणी पडले की आवाज व्हावा!

दुसरा हिशेब वीज जाण्याचा. पंप थांबला की वरचे पाणी खाली येते. वर चढवणारी नळीही उलटी वाहू लागते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी ओढते. माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरले की सुमारे साडेपाच लिटर खाली. ते तोंड ८ सेंटिमीटर खोल होते. म्हणजे ४३ लिटर! संपात रिकामी जागा ३० लिटरची. वीज रात्री गेली नाही, हे माझे नशीब! आता त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडले आहे. पाणी थोडे उतरले की तिथून हवा शिरते आणि ओघ तुटतो. सोळा-सतरा लिटरांवर भागते. ते भोक शेवाळाने बुजू नये म्हणून दर पंधरवड्याला काडी फिरवतो.

बोर्ड भिंतीवर उंच गेला. प्रत्येक वायरला बोर्डाखाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, बोर्डात शिरत नाही. वर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच बसवला. मग भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पहिल्या नळीचे तोंड वाटीने झाकून परीक्षा घेतली. नंतर पंप बंद करून दुसरी. विद्यार्थ्यांच्या परीक्षांना मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

त्या रात्री घर शांत होते. वडिलांनी टाकीकडे पाहत विचारले, "ही तिसरी नळी कोरडीच? मग पैसे कशाला घातलेस तिच्यात?"

मी म्हणालो, "अण्णा, ती कोरडी राहावी म्हणूनच."

श्रावणातल्या एका रात्री त्यांनी मला हलवून उठवले. "अरे, तुझ्या नळ्या बोलायला लागल्या बघ." मी धावलो. एक गोगलगाय पहिल्या नळीच्या तोंडात जाऊन बसली होती. दुसरी नळी भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती आणि तोच तो चूळ भरल्याचा आवाज घरभर घुमत होता. पाणी नेहमीपेक्षा बोटभर चढले होते. फरशी मात्र कोरडी ठणठणीत!

गोगलगाय काढली. आवाज थांबला. धाकटी दारात येऊन उभी होती. या वेळी पायांत चपला घालून!

"झोप आता," मी म्हणालो. अण्णा केव्हाच घोरू लागले होते.