तात्यांची कंपनी

दिवाळीला जेऊरच्या स्टेशनावर उतरलो, तो तात्या कागद घेऊनच उभे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. उजनीच्या पाण्यावर त्यांची तीन एकर केळी.

"तू मराठीचा प्रोफेसर ना? मग वाच आणि सांग, सही करू का नको."

कागद शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदत्वाचे होते. कंपनी म्हटले की मला नाटक कंपनी आठवते. तात्यांना आठवतो सावकार. "सोसायटीत पुढारी शिरतो, कंपनीत पैसेवाला. मग मी शिरू कुठं?"

ऐन फराळाच्या वेळी कायदा उलगडीत बसलो. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ही नवी जात आली. कूड कंपनीची, जीव सहकाराचा! दहा उत्पादक जमले की नोंदणी होते. शेतकऱ्यांच्या अशा कंपनीत भाग शंभर घ्या नाहीतर एक, मत एकच. भाग विकायचा तर सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला आणि संचालकांच्या संमतीने; म्हणजे पैसेवाल्याने थैली उघडली तरी कंपनी हाती लागत नाही. भागांवर मर्यादित परतावा मिळतो. वर काही उरलेच, तर ज्याने जितका माल घातला त्या मानाने वाटता येते. नाशिककडची 'सह्याद्री' ह्याच कायद्याखाली उभी राहिली.

तात्या खुलले. "म्हणजे केळीवाल्यांचीच की!"

"कायद्यानं. पण सभेला जावं लागेल."

"सोसायटीच्या सभेला तरी कधी गेला होतात?" काकू आतून म्हणाल्या.

तात्यांनी मुकाट्याने चकली मोडली. त्या दिवशी सही काही झाली नाही. पुढची सभा केव्हा, एवढे मात्र त्यांनी फोन करून विचारून घेतले.