तोरणाआधी तालीम

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून प्रवाशांना घेऊन पहिले विमान तिथे उतरले. हे दोन्ही दिवस लोकांच्या लक्षात आहेत. पण विमानतळाची खरी परीक्षा त्याआधीच झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये एक एअरबस विमान प्रवाशांविना मोपाच्या सड्यावर उतरवून पाहिले गेले. त्या दिवसाचे कौतुक फारसे कोणी केले नाही. आमच्या मते तोच दिवस अधिक मोलाचा.

विमानतळाच्या अशा परीक्षांतली एक पाहा. ढग खाली आले, पाऊस लागला की वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. तेव्हा जमिनीवरून येणारा रेडिओ संकेत त्याला सरळ रेषेत आणि ठरल्या उतारावर खाली आणतो. तो संकेत बरोबर आहे का, हे पाहायला उपकरणे बसवलेले तपासणी विमान पुन्हा पुन्हा त्याच मार्गाने फेऱ्या मारते. या संकेताबरोबर त्याचे नावही मोर्स लिपीत ऐकू येत असते. यंत्रणेच्या दुरुस्तीचे काम किंवा चाचणी चालू असली की ते नाव बंद ठेवतात. संकेत हवेत असतो, पण नाव ऐकू येत नाही. नाव नाही, म्हणजे विसंबायचे नाही, हे प्रत्येक वैमानिकाला शिकवलेले असते. नवी गोष्ट लोकांच्या हाती देण्याआधी कशी पारखावी, याचा सगळा धडा या एका रिवाजात आहे. चाचणी खऱ्या जागी, खऱ्या यंत्रावर व्हावी. पण ती चालू असताना कुणी चुकूनही त्यावर विसंबू नये.

गोमंतकाला हे नवे सांगायला नको. आपल्या उत्सवी रंगभूमीने पिढ्यान्‌पिढ्या रंगीत तालीम सांभाळली आहे. जत्रेच्या आदल्या रात्री मांडवात प्रेक्षक नसतात, बाकी सगळे असते: रंग, पोशाख, दिवे, पेटी-तबला. दुसऱ्या अंकात नेसण बदलून यायला नटाला किती वेळ लागतो, हे संहितेत लिहिलेले नसते. ते त्या रात्री कळते, आणि दिग्दर्शक मधल्या प्रवेशात चार वाक्ये वाढवतो. दुसऱ्या दिवशी गावाला त्याचा पत्ताही लागत नाही. तालमीचे यश असे न दिसण्यातच असते.

तालीम अर्धवट राहिली तर काय होते, हे लंडनने पाहिले. हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी उघडले. त्याआधी हजारो स्वयंसेवकांना प्रवासी करून चाचण्या घेतल्या होत्या. पण बांधकाम लांबले आणि शेवटच्या चाचण्यांना कात्री लागली. पहिल्या सकाळी कर्मचाऱ्यांनाच गाड्या लावायची जागा सापडेना, संगणकात प्रवेश मिळेना. पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि वीस हजारांहून अधिक बॅगा मालकांपासून दुरावल्या. यातले एक कारण फार शिकवून जाणारे आहे. चाचणीतले खोटे निरोप खऱ्या यंत्रणेत जाऊ नयेत म्हणून सामानाच्या संगणकाला एक गाळणी लावली होती. ती लावली हे योग्यच होते. पण टर्मिनल सुरू झाल्यावर ती काढायची राहिली, आणि खरे निरोपही अडले. तालमीचा पडदा लावणाऱ्याने तो कधी आणि कोण काढणार हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे.

आता मोपाकडे परत येऊ. विमान उतरते का, हे नीट पाहिले गेले. पण प्रवासाची सुरुवात धावपट्टीवर होत नाही. ती घराच्या उंबऱ्यापासून होते. धारगळहून विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या जोडरस्त्याचे उद्घाटन जुलै २०२४ मध्ये झाले, म्हणजे पहिले प्रवासी विमान उतरल्यावर दीड वर्षाने. दरम्यान विमानतळाची वर्दळ पेडण्याच्या गावरस्त्यांनी सोसली. विमानतळावरच्या टॅक्सी काउंटरसाठी पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना आंदोलन करावे लागले. हे प्रश्न धावपट्टीच्या तपासणीत कुठून कळणार? काणकोणचे म्हातारे जोडपे पहाटेच्या विमानासाठी रात्री दोन वाजता निघाले तर कुठल्या वाहनाने, कुठल्या रस्त्याने येईल, एवढी एक फेरी कुणी खरोखर करून पाहिली असती तर त्यातले बरेच आधीच उमगले असते. चाचणीत हुशार माणूस बसवला की सगळे सुरळीत दिसते. तिथे बसवायचा तो पहिल्यांदाच येणारा, सावकाश चालणारा, पाटी न वाचता येणारा माणूस.

हाच नियम सरकारी संकेतस्थळांना लावा. घरपट्टी, दाखले, शिष्यवृत्त्या सगळे आता पडद्यावर आले आहे. अशा संकेतस्थळाचे रूप बदलायचे तर त्याची वेगळी प्रत करावी, बाहेरच्यांना तिची वाट बंद ठेवावी आणि जुने रूप तोवर चालू ठेवावे. मग ती प्रत पणजीतल्या कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर नव्हे, डिचोलीच्या एखाद्या गावात, कमी रेंजच्या स्वस्त मोबाइलवर उघडून पाहावी. देवनागरीतले जोडाक्षर फुटते का, लांब आडनाव चौकटीत मावते का, शेवटचे बटण पडद्याखाली लपते का, हे तिथेच कळेल. यात फार खर्च नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पान उघडले नाही तर मुलाचे वर्ष जाते, तो खर्च मात्र कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

अडचण पैशांची नाही, तारखेची आहे. आपल्याकडे पाहुणा ठरतो, मुहूर्त ठरतो, मग उरलेल्या दिवसांत चाचणी कोंबली जाते. बर्लिनच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ३ जून २०१२ ला ठरले होते. काही आठवडे आधी आगप्रतिबंधक यंत्रणा तपासणीत टिकली नाही आणि सोहळा रद्द झाला. विमानतळ अखेर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी उघडला. जर्मनीची नाचक्की झाली, पण धुराने भरलेल्या इमारतीत कोणी कोंडले गेले नाही. नवी मुंबईत हवाई दलाचे विमान ऑक्टोबर २०२४ मध्ये उतरवून पाहिले आणि प्रवासी सेवा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. मध्ये चौदा महिने गेले. असा वेळ गेला की उशीर म्हणून बोंब होते. त्यातला जो वेळ चुका शोधण्यात गेला, त्याबद्दल तक्रार करू नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लोकांच्या वापराचा पूल असो, बसस्थानक असो की संकेतस्थळ, चाचणी घेणाऱ्याला ‘अजून नाही’ म्हणण्याचा लेखी अधिकार द्या, आणि त्याने तसे म्हटल्यावर मंत्र्यांनीही पत्रिका मागे घ्यावी. मोपाला संकेताचे नाव हवेत ऐकू येईपर्यंत वैमानिक त्यावर भरवसा ठेवत नाही. कोनशिलेवर नाव कोरण्याआधी आपणही तेवढे थांबायला शिकू या.