बर्फातली फुगडी

मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेने ओळीने दुकानं लागतात. नावापेक्षा नंबर मोठा. तिथे लाँगकोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, आणि कोटाबरोबर तो आधी घालून गेलेल्या शेकडो मंडळींचा वासही फुकट मिळतो. गेल्या जानेवारीत माझे वडील, आमचे अण्णा, अशाच एका पोपटी कोटात शिरले. वय ७१, बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त, आमच्या सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी. त्यांना पोपटी रंगात मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आपला आणि बर्फाचा संबंध तो काय? गोळेवाल्याच्या रंध्याखालचा, नाहीतर फ्रीजमधला. आभाळातून पडतो तो आणि ट्रेमध्ये गोठतो तो, दोघांनाही आपण बर्फच म्हणतो. हिम हा शब्द भूगोलाच्या पुस्तकासाठी राखून ठेवलेला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तर आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. असा माणूस गुडघाभर बर्फात उभा राहिला की त्याचं काय होतं, ते पाहण्यासारखं असतं.

आधी बायका सुटल्या. आमच्या टूरमधल्या पन्नाशी-साठीच्या चौघी-पाचजणींनी पाच मिनिटांत फुगडी धरली. गमबुटात पाय सरकत होते, दोघी आपटल्या, उठल्या, पुन्हा धरली. माझी आई त्यात होती. मला याचं नवल वाटलं, पण वास्तविक वाटायला नको होतं. श्रावणात मंगळागौरीच्या निमित्ताने पोक्त बायकांनीही रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळायच्या, ही सोय आपल्या परंपरेने त्यांना करून दिली आहे. वर्षातून एखाददुसरी रात्र का होईना, शरीराला खेळ ठाऊक राहतो.

पुरुषांना अशी सोय नाही. ते खिशात हात घालून माहिती गोळा करत होते. रोहतांग ३,९७८ मीटर. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, म्हणून आता हिवाळ्यातही लाहौलमध्ये जाता येतं. हा बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे पडतो, त्यांचा उगम पार भूमध्य समुद्राकडे. सगळं अगदी बरोबर. फक्त बर्फाला हात कोणी लावत नव्हतं.

सकाळचा कोरडा बर्फ मुठीत कितीही दाबा, पिठासारखा निसटतो. दुपारी ऊन लागून जरा ओलसर झाला की त्याचा चेंडू वळतो. जेवणानंतर मी पाठमोरा उभा असताना मानेवर काहीतरी फुटलं आणि गार पाणी पाठीतून खाली गेलं. वळून पाहिलं तर अण्णा. दुसरा चेंडू वळत होते. आई ओरडली, "अहो, पडाल!" ते पडले नाहीत. माझ्या मुलाने ‘आजोबा, नेम इकडे!’ म्हटल्यावर पुढची वीस-पंचवीस मिनिटं जे चाललं त्यात मी तीन वेळा हरलो. माझ्या लहानपणी अण्णा माझ्याशी काय खेळले होते, ते मी त्या रात्री पांघरुणात आठवत बसलो. काही आठवलं नाही.

डच इतिहासकार हुइझिंगा यांनी १९३८ साली खेळावर ग्रंथ लिहिला. खेळाला रोजच्या व्यवहारापासून वेगळी जागा आणि वेगळा वेळ लागतो, असं त्यांचं प्रतिपादन. सोलंगला आपल्याला तेच मिळतं. ओळखीचं कोणी नाही, अंगावर परका कोट, आणि आयुष्यभर सांभाळलेली इभ्रत चौकशी न करणारा डोंगर. (डोंगराला आपला त्रास होतो, तो वेगळाच. वेफर्सची पाकिटं आपण तिथेच टाकून येतो. जवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत संक्रांतीनंतर ४२ दिवस देवासाठी गलबला वर्ज्य, टीव्हीसुद्धा बंद. आणि खाली आपले स्पीकर. खेळायला स्पीकर कशाला लागतो?)

पण माझी तक्रार दुसरीच आहे. बापाने मुलाला चेंडू मारावा म्हणून दीड-दोन हजार किलोमीटर जावं लागतं का? थंडी आपल्याकडेही पडते. पौषात हुरड्याच्या आगटीभोवती हात काळे करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कणसं चोळताना एकमेकांना भुसा लावणारे तलाठी आणि मास्तर त्यात होते. आता हुरड्यालाही तिकीट आहे आणि बसायला खुर्च्या. संक्रांतीला येवल्यात आजही पोरांसोबत बापे आसारी घेऊन गच्चीवर चढतात, पण पुण्या-मुंबईच्या गच्च्यांना कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडे.

आमच्या आवारात एक पाटी आहे: ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.’ अक्षर अण्णांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन काचा फुटल्या होत्या, तेव्हा लावलेली. पाटीमुळे मुलं थांबली, हे खरं. पण मुलांना आवारात घेऊन उतरणारे आम्ही मोठेही थांबलो, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या पाटीखाली संध्याकाळी चार बाकं भरलेली असतात. गुडघे, साखर आणि मुलांची पॅकेजेस, एवढे विषय.

परतल्यावर अण्णा पुन्हा अण्णा झाले. पोपटी कोटातला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तो त्यांना आवडला नाही. थंडीच्या दोन महिन्यांत तरी संध्याकाळी पाच ते सात आवार खेळायला मोकळं ठेवावं, वयाची अट असू नये, असा ठराव मी सोसायटीकडे दिला आहे. सभा येत्या रविवारी आहे. अण्णा म्हणतात, काचांचा खर्च कोण देणार ते आधी लिहून द्या, नाहीतर मी विरोधात मत देईन. काल रात्री मात्र त्यांनी नातवाला विचारलं, रबरी चेंडू चालेल की टेनिसचाच लागेल?