परवान्याची पत

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टजवळ अभियंता म्हणून नोकरीस आहे. तेथे गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याचा दूरध्वनी आला. आवाजात संताप होता. "मामा, मी अकरा वर्षे गाडी चालवतो आहे. घाटात, पावसात, रात्री, सगळीकडे चालवली. आणि हे लोक मला पुन्हा पहिलीत बसवत आहेत! नामिबियाचा परवाना यांना चालतो, सिंगापूरचा चालतो, आपला चालत नाही. तू सरकारात आहेस ना? मग तूच सांग, हा अपमान नाही तर काय आहे?"

सरकारात असणे म्हणजे सर्व प्रश्नांची उत्तरे ठाऊक असणे, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. त्यावेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना माझ्या स्वतःच्या परवान्याचा इतिहास मला आठवावा लागला. तो फारसा अभिमानास्पद नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पर्यटक म्हणून अल्पकाळ परदेशी जाणाऱ्या भारतीयाची बहुतेक ठिकाणी अडचण होत नाही. परिवहन कार्यालयात नमुना ४-अ मध्ये अर्ज केला आणि एक हजार रुपये शुल्क भरले की आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचे स्वरूप देशभर एकसारखे केले. तोपर्यंत आकार, रंग आणि मांडणी राज्याराज्यांत वेगळी असे, आणि परदेशातील पोलिसाने दोन भारतीयांचे दोन निराळे कागद पाहून शंका घेतली तर त्याला दोष देता येत नसे. या परवान्यामागे १९४९ चा जिनिव्हा करार आहे. जपान या कराराखालील आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, म्हणून आपला परवाना तेथे चालतो. चीन असा परवाना मुळीच मानत नाही. अमेरिकेत हा विषय राज्यांचा आहे. कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते, केवळ आंतरराष्ट्रीय परवाना दाखवून मात्र भागत नाही. पुष्कळ प्रवासी मूळ परवाना घरी ठेवून निघतात आणि गाडी भाड्याने देणाऱ्याच्या खिडकीपाशी अडकतात, ते यामुळेच.

खरी अडचण सुरू होते ती पाहुणा रहिवासी झाल्यावर. ब्रिटनमध्ये बारा महिने, जर्मनीत सहा महिने, एवढीच सवलत. त्यानंतर ज्या देशांच्या परीक्षेवर यजमान देशाचा विश्वास आहे, त्यांचे परवाने बदलून मिळतात. इतरांनी परीक्षा द्यायची. भारत या दोन्ही देशांच्या यादीत नाही. ब्रिटनमध्ये वीस वर्षे गाडी चालवलेला भारतीय तेराव्या महिन्यात कायद्याने शिकाऊ ठरतो. गाडीला 'एल' पाटी लावायची आणि शेजारी किमान तीन वर्षांचा परवानाधारक बसवायचा. संयुक्त अरब अमिरातीत तर आपल्या लक्षावधी बांधवांपैकी बहुतेकांनी या चाळणीतून जाण्यासाठी वेळ आणि पैसा खर्च केलेला आहे.

हा केवळ श्रीमंत राष्ट्रांचा अहंकार आहे असे म्हणावे, तर जर्मनीच्या यादीत नामिबिया आणि ब्रिटनच्या यादीत झिंबाब्वे कसे, याचे उत्तर द्यावे लागते. यादीचा संबंध राष्ट्रीय उत्पन्नाशी लावता येत नाही. जिनिव्हा कराराच्या चोविसाव्या अनुच्छेदात याचे मूळ सापडते. त्याचा आशय असा की, दुसऱ्या करारबद्ध देशाने चालकाकडून त्याच्या पात्रतेचा पुरावा घेऊन परवाना दिलेला असेल, तर त्याला आपल्या रस्त्यावर नव्या परीक्षेशिवाय गाडी चालवू द्यावी. म्हणजे परवाना हे पुराव्याचे प्रमाणपत्र आहे. पुरावा घेतलाच नसेल तर मागे राहतो तो फक्त छायाचित्र लावलेला कागद.

आता माझी गोष्ट. १९९६ च्या सुमारास उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या गावी माझी नियुक्ती होती. परवाना हवा असे मी कचेरीत सहज बोललो. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, दोन छायाचित्रे आणि चार सह्या घेऊन गेले, आणि आठवड्याने परवाना टेबलावर आला. चाचणी झाली नाही. ज्याने ती घ्यायची त्या अधिकाऱ्याचे मी आजतागायत तोंड पाहिलेले नाही. त्यावेळी मला याची लाज वाटली नाही, उलट आपले वजन आहे असे वाटले, हेही नमूद केले पाहिजे.

दहा वर्षांनी एका अभ्यासक्रमासाठी वर्षभर इंग्लंडला गेलो आणि त्याच परवान्यावर, संपूर्ण कायदेशीरपणे, एक जुनी गाडी चालवू लागलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका वर्तुळाकार चौकात मी घुसलो आणि उजवीकडून येणारी गाडी करकचून थांबली. आत एक वृद्ध बाई होत्या. त्या ओरडल्या नाहीत, फक्त स्टिअरिंग घट्ट धरून काही क्षण बसून राहिल्या. सायंकाळी मी दुकानात जाऊन तेथील रस्तानियमांची पुस्तिका विकत घेतली. चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावी, हे मला वयाच्या पस्तिशीत परक्या देशात समजले.

यातील बोचणारा भाग पुढेच आहे. भारतात परतल्यावर मी आपली १९८९ ची रस्तानियमावली काढून वाचली. मुख्य रस्त्याचा अपवाद सोडता, चौकात प्रवेश करताना उजव्या हाताने येणाऱ्या सर्व वाहनांना वाट द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. नियम आमचाच होता. मी ज्या वर्षी परवाना 'मिळवला' त्या वर्षीही तो लागू होता.

भाचा प्रात्यक्षिक परीक्षेत पहिल्या खेपेस नापास झाला. कारण विचारले, तर म्हणाला, "खूण नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ दिले नाही, आणि वळताना मान वळवून मागे पाहिले नाही." मी यावर काहीच बोललो नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा प्रसिद्ध निबंध आठवल्यावाचून राहत नाही. योगायोग असा की त्यांचे उदाहरणही मोटारींचेच होते. जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगली कोणती आणि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर ते सर्वच गाड्यांना कमी भाव देते, आणि त्यात चांगल्या गाडीच्या मालकाचे नुकसान होते. भारतीय परवान्याचे नेमके तेच झाले आहे. मनापासून शिकून, रीतसर चाचणी देऊन मिळवलेला परवाना आणि माझा १९९६ चा परवाना दिसायला एकसारखेच आहेत. जर्मन अधिकाऱ्याने ते वेगळे कसे ओळखावे?

ही केवळ माझ्या अनुभवावरची अटकळ नाही. बर्ट्रांड, जॅन्कोव्ह, हॅना आणि मुल्लइनाथन या चार अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत परवाना काढू इच्छिणाऱ्यांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही उमेदवारांना लवकर परवाना मिळवल्यास बक्षीस देऊ केले, काहींना मोफत शिकवणी दिली, काहींना काहीच दिले नाही. बक्षिसाच्या आशेने धावलेल्यांना परवाने मिळाले, पण त्यांच्यात गाडी चालवता न येणारे अधिक निघाले, आणि वरकमाईचा सगळा पैसा दलालांमार्फत फिरला. लाच म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा, एवढेच त्याचे स्वरूप असते तर एक वेळ सोसता आले असते. येथे अपात्र माणूस पात्र ठरून रस्त्यावर येतो. २०२२ साली आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या सर्वांचे खापर परवान्यावर फोडणे अन्यायाचे होईल. रस्त्यांची रचना, वेग, मद्य ही कारणे आहेतच. पण परवान्याचा त्यात वाटा नाही, असे मी तरी म्हणू धजणार नाही.

गेल्या काही वर्षांत सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. अर्ज संगणकावर आले, काही ठिकाणी संवेदक बसवलेल्या स्वयंचलित चाचणीपट्ट्या आल्या. पट्टीवर आठचा आकडा काढता आला, गाडी मागे घेता आली, तर यंत्र तसे प्रामाणिकपणे सांगते. दलालाशी त्याची ओळख नसते. मात्र चौकात कोणाला आधी जाऊ द्यायचे, हे रहदारी नसलेली पट्टी विचारू शकत नाही. ब्रिटनची सुमारे चाळीस मिनिटांची चाचणी खऱ्या रस्त्यावर होते आणि निम्म्याहून अधिक उमेदवार तीत नापास होतात. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र असलेल्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट आहे. यावर मात्र माझा आक्षेप आहे. जो शुल्क घेऊन शिकवतो त्यानेच उत्तीर्णही ठरवायचे, तर नापास करण्यात त्याचे हित कोणते?

आपले परवाने सरसकट मान्य व्हावेत यासाठी राजनैतिक पातळीवर प्रयत्न करावेत, अशी मागणी परदेशस्थ भारतीय वेळोवेळी करतात. त्यांचा त्रास खरा आहे. तरीही ही मागणी आज पुढे रेटावी असे मला वाटत नाही. समोरच्याने शांतपणे 'तुमची चाचणी कशी होते?' एवढेच विचारले, तर टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आमच्यापैकी कितीजण स्वतःच्या अनुभवावरून उत्तर देऊ शकतील?

भाचा दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. माझ्या परवान्याचे नूतनीकरण पुढील वर्षी आहे. चाळिशी उलटलेली असल्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागेल. चाचणी या वेळीही नाही. कचेरीतील एकाने कागद द्या, करून आणतो, असे परवाच सुचवले. मी त्याला नको म्हटले आहे.